रील ही पावती नव्हे

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दादर चौपाटीवर आमच्या कॉलेजची पस्तीसेक मुलं सातच्या ठोक्याला हजर होती. म्हणजे निम्मी साडेसातला आली, पण मुंबईत लोकलने येणाऱ्याला तेवढी सूट असते. वाळूत रुतलेले प्लॅस्टरचे हात, मुकुटांचे तुकडे, एखादी सोंड, थर्माकोलच्या महिरपी आणि रात्रभर भिजून काळं पडलेलं निर्माल्य. मुलं मनापासून राबली. साडेआठपर्यंत आमच्या वाट्याचा पट्टा साफ झाला, गोणी रांगेत लागल्या. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की ‘बिफोर’चा शॉट घ्यायचा राहिला. किनारा तर आता ‘आफ्टर’ झालेला. दोन क्षण कुणी काही बोललं नाही. मग दोघांनी दोन गोणी उचलल्या आणि वाळूवर पुन्हा उपड्या केल्या.

शेजारी पालिकेची एक सफाई कामगार बाई फावडं टेकून उभी होती. तिने सगळं पाहिलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “आटपा बाळांनो लवकर, आमची गाडी साडेनवाला निघते.”

मुलांना मी ओरडले नाही. ओरडायला तोंडच नव्हतं. राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून छातीवर बिल्ला लावून मीच तिथे उभी होते, आणि ‘संध्याकाळपर्यंत फोटो आणि एक छोटा व्हिडिओ आलाच पाहिजे, जिओ-टॅगसकट’ हा निरोप आदल्या रात्री ग्रुपवर मीच टाकला होता. मुलांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं, इतकंच.

त्या सकाळनंतर हा विषय डोक्यातून जात नाही. विद्यार्थ्यांनी समाजसेवेच्या प्रकल्पांवर छोटे व्हिडिओ करावेत का? स्टाफरूममध्ये याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, “आताच्या पोरांना सेवा नको, रील हवी.” दुसरं, “काळाबरोबर चाललं पाहिजे, मॅडम.” पहिल्या उत्तरात आपल्या पिढीचं नसतं कौतुक असतं. वनमहोत्सवाला दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून वर्तमानपत्राला फोटो पाठवणारे आपणच होतो. दुसऱ्या उत्तरात विचार करण्याचा कंटाळा असतो. मला दोन्ही पटत नाहीत. व्हिडिओ करावेत, जरूर करावेत. पण ते कुणासाठी आणि कधी करायचे, हे आपण शिक्षकांनी उलटं करून ठेवलं आहे.

सेवा करावी पण बोलू नये, या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात खरं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या सेवेच्या परंपरेने भरपूर तोंड वापरलेलं आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याला पोलिसांपुढे झालेलं त्यांचं अखेरचं कीर्तन तर ध्वनिमुद्रित झालेलं आहे, आजही ऐकायला मिळतं. आज सकाळी मी गाव कसं झाडलं हे सांगायला ते कीर्तन नसे. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, देवापुढे बकरं कापू नका, असं समोर बसलेल्यांच्याच घरातलं त्यात असे. बाबा प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरं वदवून घेत. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाची कलापथकं घ्या. दादर स्टेशनबाहेर किंवा चर्चगेटच्या भुयारी मार्गाजवळ डफ वाजवून गर्दी गोळा करणारी कॉलेजची पथनाट्यं घ्या. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाचा ‘उडान’ महोत्सव घ्या, ज्यात मुलं वर्षभराच्या कामावर पथनाट्यं आणि पोस्टर करतात. प्रचार हा सेवेचा सख्खा भाऊ आहे. रील हे त्या डफाचंच नवं रूप म्हणता येईल. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि त्याच जुलैत इन्स्टाग्रामची रील भारतात आली. तेव्हापासून हा डफ प्रत्येकाच्या खिशात आहे.

फरक पडतो तो डफ कुणाकडे तोंड करून वाजतो यात. गावात दवंडी देणारा असे. उद्या पाटाला पाणी सुटणार, परवा देवी टोचणारे येणार, मंगळवारचा बाजार बुधवारी भरणार, असं तो सांगे. ऐकणारे ते गावकरीच, आणि ऐकून त्यांना काहीतरी करायचं असे. दवंडीवाल्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे, राहायची गरजही नव्हती. आपल्या मुलांच्या बहुतेक रील मात्र वस्तीकडे पाठ आणि कॉलेजकडे तोंड करून असतात. त्या दवंड्या नाहीत, पावत्या आहेत. ‘आम्ही काम केलं, मिळालं, सही.’

पावतीची ही हौस मुलांची नाही. ती आमच्या कपाटातून आली आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास काम करायचं, दत्तक वस्तीत किंवा गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, असा तिचा साधा हिशेब. कामाची नोंद वहीत व्हायची. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजाशी जोडलेलं काम श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, चौकटीत आलं. क्षेत्रीय प्रकल्पाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांना ६०. हे मला स्वतःला चांगलं वाटतं. सेवेला अभ्यासक्रमात पाट मिळाला, ती रविवारची हौस राहिली नाही. पण श्रेयांक आला की पुरावा आला. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी विस्तारकार्याचे, म्हणजे कॉलेजबाहेर समाजात केलेल्या कामाचे, फोटो लागतात. जागा आणि वेळ छापलेले फोटो. बॅनर दिसला पाहिजे, लोगो दिसला पाहिजे, प्राचार्य आले असतील तर तेही दिसले पाहिजेत. प्लॅस्टिकमुक्तीच्या मोहिमेचा बॅनर फ्लेक्सचा असतो, हा विनोद इतका जुना झालाय की आता कुणी हसतही नाही. फोटोवरून व्हिडिओवर आलो ही फक्त पुढची पायरी. एका गटाच्या साठ तासांच्या नोंदवहीत मी ‘एडिटिंग’ या नावाखाली अठरा तास पाहिले आहेत. मुलगा प्रामाणिक होता, म्हणून त्याने लिहिले. बाकीच्यांनी ते ‘जनजागृती’ या सदरात घातले होते.

पावती म्हणून केलेल्या व्हिडिओचा तोटा काय, तर त्यातून मूल काही शिकत नाही. सेवेतून शिक्षण या कल्पनेत शिक्षण कुठे होतं? झाडू मारताना फारसं नाही. आपण काहीतरी समजून गेलो होतो, तिथे भलतंच निघालं, त्या ठेचेत शिक्षण होतं. पावतीच्या व्हिडिओची गोष्ट आधीच लिहून तयार असते. अस्वच्छ वस्ती, उत्साही तरुण, संगीत चढतं, वस्ती स्वच्छ, सगळे हात उंचावून ओरडतात. ठेच लागायला त्यात जागाच ठेवलेली नसते.

याच्या उलट काय होऊ शकतं, ते मला चार मुलांनी दाखवलं. पूर्व उपनगरातल्या एका टेकडीवरची वस्ती. खाली रिक्षा थांबते, पुढे पायऱ्या. साताऱ्या-सांगलीकडची, रत्नागिरीची, थोडी मराठवाड्याची माणसं, दोन-तीन पिढ्यांपासूनची. आमची मुलं तिथे हात धुण्याचं महत्त्व सांगणारी रील करायला निघाली होती. संहिता तयार, ‘वीस सेकंद हात धुवा’ हे ठेक्यात बसवलेलं गाणं तयार. वरच्या गल्लीतल्या बायकांपुढे त्यांनी ते गाऊन दाखवलं. बायका आधी ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या. एक मावशी म्हणाली, “गाणं छान हाय रं बाबा. पण वीस सेकंद नळ सोडला तर धुणं कशात धुवू? वर पाणी किती वाजता चढतं माहितंय का तुला?”

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मुलं हिरमुसली. पण त्यातल्या एका मुलीने, ती स्वतः डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली, एक चांगला प्रश्न विचारला. “मग मावशी, तुम्हाला काय सांगितलं असतं तर उपयोग झाला असता?” बायकांनी विचार केला. एक म्हणाली, पोरं आजारी पडली की खाली खाजगी डॉक्टरकडे पैसे जातात, पालिकेच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एक खाडा. घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे मालकिणीची बोलणी आणि कधी कधी पगारातून कापणी. मुलांनी चौकशी केली. मुंबईत २०२२ पासून जे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, त्यातला एक टेकडीच्या पायथ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि तो रात्री १० पर्यंत उघडा असायचा. दवाखाना आहे हे बायकांना ठाऊक होतं. तो कामावरून परतल्यावरही उघडा असतो हे ठाऊक नव्हतं, कारण सरकारी दवाखाना दुपारी बंदच होतो हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

मग जी रील झाली ती जेमतेम पाऊण मिनिटाची. त्यात कुणाचा चेहरा नाही. पायऱ्या उतरणाऱ्या चपला दिसतात, मग वडापावची गाडी, मग बंद पडलेली पिठाची गिरणी, मग डावीकडे वळण, मग दवाखान्याची पाटी. पाटीसमोर घड्याळ धरलेलं मनगट, साडेआठ वाजलेले. आवाज त्याच मावशीचा, तिच्याच बोलीत. अक्षरं मोठी, कारण बऱ्याच जणी आवाज बंद ठेवून बघतात. शेवटी लोगो नाही. शेवटी एवढंच, की आधीचे कागद असतील तर सोबत न्या.

ही रील दोनशेच्या आसपास लोकांनी पाहिली असेल. कॉलेजच्या स्पर्धेत ती पहिल्या तीनांत आली नाही. पहिला क्रमांक ज्या रीलला मिळाला तिच्यात ड्रोन होता. पण ती दोनशे माणसं त्याच टेकडीवरची होती, गल्लीच्या ग्रुपवरून ती पसरली होती, आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यात ‘ती गिरणीवरून वळायचं दाखवलंय ना, तोच का हा?’ असं विचारत एक बाई आली, हे तिथल्या परिचारिकेने मुलांना सांगितलं. या चौघांनी त्या प्रकल्पातून आरोग्यव्यवस्थेबद्दल जे शिकलं ते माझ्या तासाला बसून शिकले नसते: सेवा असणं वेगळं आणि माणसाच्या दिवसाच्या वेळापत्रकात ती बसणं वेगळं. शिवाय व्हिडिओ करण्याचं कसबही शिकले. पाऊण मिनिटात काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला विषय नीट कळावा लागतो. म्हणून तर मी रीलच्या बाजूने आहे. निबंधात मूल दोन पानं भरून अज्ञान झाकू शकतं, पाऊण मिनिटात झाकायला जागा नसते.

आता चेहऱ्यांबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो स्वतःवरही आहे. वह्या-दप्तरं वाटतानाचे, फराळ वाटतानाचे, ब्लँकेट पांघरतानाचे व्हिडिओ आपण किती सहज काढतो. “परवानगी घेतली होती, मॅडम.” घेतली असेल. पण ज्याच्या हातात आत्ताच दप्तर दिलं त्याने नाही कसं म्हणायचं? देणाऱ्याच्या हातात कॅमेरा असला की घेणाऱ्याच्या ‘हो’ला किंमत राहत नाही.

एका वस्तीत दप्तरवाटप झाल्यावर सातवीतला एक मुलगा आमच्या स्वयंसेवकाला हळूच विचारत होता, “दादा, हे माझ्या शाळेतल्या पोरांना दिसेल का?” त्याला ते दिसावंसं वाटत असेल अशी त्या दादाची समजूत झाली. “दिसेल ना, टॅग करतो!” म्हणाला. पोराचा चेहरा पडला, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबई केवढीही मोठी असली तरी मोबाइलवर ती फार लहान आहे. रील जवळपासच्यांनाही दिसते. त्याच्याच शाळेत, त्याच्याच वर्गात, मागच्या बाकावरच्याला. तो व्हिडिओ आम्ही टाकला नाही, पण त्याच्या आधीच्या चार वर्षांचे टाकलेले आहेत, ते आजही तिथे आहेत.

बालगृहात जाऊन केलेल्या चित्रीकरणाबद्दल तर कायदाच बोलतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे किती कार्यक्रम अधिकाऱ्यांना माहीत असतं? मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं, तेही एका संस्थेच्या अधीक्षिकेने फोन बाहेर ठेवायला सांगितले म्हणून. तेव्हा मला तिचा रागच आला होता. ‘एवढं लांबून आलो आणि एक फोटो नाही?’ आज तिचे आभार मानावेसे वाटतात.

फोन बाहेर ठेवण्यावरून आठवलं. सेवेची काही उत्तम कामं अशी आहेत की त्यांचा व्हिडिओ होऊच शकत नाही. अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होणं घ्या. तीन तासांचा पेपर, वर जादा वेळ. शेजारचा सांगतोय आणि तुम्ही लिहिताय, स्वतःच्या डोक्यातलं एक अक्षर न घालता. त्याचं वाक्य चुकलं तर चुकलेलंच लिहायचं. उत्तर तुम्हाला येत असेल तर ते गिळायचं. याइतकं दुसऱ्यासाठी स्वतःला बाजूला ठेवणं मी अन्य कोणत्या कामात पाहिलेलं नाही. परीक्षेचा हॉल, फोन बाहेर दप्तरात, फोटो नाही, काही नाही. मार्च-एप्रिलमध्ये लेखनिक मिळत नाहीत म्हणून संस्थांचे निरोप फिरत असतात, आणि त्याच दिवसांत आमच्याकडे ‘सर्वोत्कृष्ट सेवा रील’ची अंतिम फेरी असते. गुण रीलला असतील तर शहाणं मूल रीलकडेच जाईल. लेखनिकाला मिळते एक सही, परीक्षा केंद्राच्या शिक्क्यासह. टेकडीवरचा नळ आणि हा शिक्का, दोन्ही एकाच तराजूत बसतील असा तराजू आम्ही बनवलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की व्हिडिओला गुण देऊ नयेत. गुण कामाला द्यावेत, कामाच्या वहीला द्यावेत. आपला काय अंदाज होता, तो कुठे चुकला, कुणी चूक दाखवून दिली, हे त्या वहीत यावं. व्हिडिओ करायचाच असेल तर काम संपल्यानंतर, आणि वस्तीला त्याची गरज असेल तर. तो कुठेही टाकण्यापूर्वी ज्यांची ती वस्ती आहे त्यांना दाखवावा, आणि ‘हे काढा’ म्हणायचा हक्क त्यांचा असावा. दप्तर हातात असताना विचारायचं नाही, आठवड्याने पुन्हा जाऊन, रिकाम्या हाताने विचारायचं. स्पर्धा घ्यायचीच हौस असेल तर परीक्षक म्हणून त्याच वस्तीतल्या दोन बाया बसवाव्यात. ड्रोनचं काय होतं ते बघू.

रक्तदानाचं उदाहरण घेते, कारण तिथे प्रचाराचा खरा उपयोग आहे आणि आपण तो वाया घालवतो. आमच्या शिबिरांच्या रीलमध्ये काय असतं? हातात तांबडा चेंडू दाबत हसणारी मुलं, अंगठा वर, बिस्किटाचा पुडा, प्रमाणपत्र. पण रक्त साठवून ठेवता येत नाही, किंवा फार दिवस येत नाही. तांबड्या पेशी नीट ठेवल्या तर जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाने तीन आणि स्त्रीने चार महिने थांबायचं. कॉलेजं बहुतेक शिबिरं जूनपासून फेब्रुवारीपर्यंत उरकतात, मोठ्या दिवसांच्या आसपास, कारण तेव्हा पाहुणे मिळतात. मग परीक्षा, मग सुट्टी, अर्धी मुंबई गावाला, आणि मे महिन्यात रक्तपेढ्या हवालदिल. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र मे महिन्यातही दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणजे एकाच दिवशी तीनशे बाटल्या गोळा करून त्याचा देखणा व्हिडिओ करण्यापेक्षा ‘गावाला जाण्याआधी एक बाटली’ अशी एप्रिलअखेरीची, जवळच्या पेढीचा पत्ता आणि वेळ सांगणारी, कुणाचंही हसू नसलेली रील कितीतरी कामाची. तिला व्ह्यूज कमी येतील. पण ज्याने बघितली त्याला पुढे काय करायचं ते कळेल.

माझे एक सहकारी याला आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, “मॅडम, तुम्ही प्रसिद्धीला इतकं नाक मुरडता, पण वर्सोव्याचं काय? जगाने पाहिलं म्हणूनच लोक आले ना?” बरोबर आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर असे दोघंच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला उतरले. पुढे शेकडो लोक आले, फोटो आले, तारे-तारका आल्या, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण सन्मानही आला. प्रसिद्धीशिवाय एवढे हात मिळाले नसते. पण तारखा नीट बघा. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं त्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली ती मार्च २०१८ मध्ये, सुरुवातीपासून जवळजवळ अडीच वर्षांनी. मधल्या काळात दर शनिवार-रविवार तेच काम, तोच वास, पावसाळ्यात समुद्राने परत आणून टाकलेला तोच कचरा. कॅमेरा आला नसता तरी पुढच्या रविवारी ते आलेच असते. आमची रील टाकून झाली की पुढचा रविवार कॅलेंडरात नसतोच. समुद्राला मात्र तो असतो.

सहकाऱ्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचला. “मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायला घाबरणारी मुलं रीलमध्ये किती मोकळी बोलतात, ते बघितलंत का? त्यांचं ते एकच हत्यार आहे. तेही काढून घेणार?” नाही घेणार. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सेमिनारमध्ये मान खाली घालून वाचणारा विद्यार्थी मालवणी बोलीत कचरा वेगळा करण्यावर असा बोलला की वर्ग लोळला. अशा मुलांना त्यातून पुढे कामंही मिळतात, आणि मिळावीत. मी एवढंच म्हणते की बोलतं होण्यासाठी दुसऱ्याचं दारिद्र्य पार्श्वभूमीला लागू नये. स्वतःच्या चाळीवर करा, स्वतःच्या लोकलच्या डब्यावर करा, कॉलेजच्या कँटीनमागच्या कचऱ्यावर करा. हा शेवटचा विषय मी दोनदा सुचवला. दोन्ही वेळा वरून सांगण्यात आलं की कॉलेजची बदनामी होईल. वस्तीच्या कचऱ्याने वस्तीची बदनामी होते की नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

टेकडीवरच्या बायकांनी या वर्षी स्वतःहून निरोप पाठवला. दवाखान्याची रील केलीत, आता पाण्याची करा. गाणं नको. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, वरच्या गल्लीत किती हंडे भरतात, एवढंच दाखवा. ती रील त्यांना पालिकेच्या विभाग कार्यालयात घेऊन जायची होती. मुलं खूश. मी प्रस्ताव वर पाठवला. दोन दिवसांनी तोंडी उत्तर आलं: उपक्रम स्तुत्य आहे, पण कॉलेजच्या पानावर नको, आणि लोगो कुठेही दिसायला नको. हात धुण्याच्या गाण्याला लोगो चालला असता. बायकांना मी हे जरा चाचरतच सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही. लोगोचं त्यांना तसंही काही करायचं नव्हतं.

अडचण वेगळीच आली. पाणी चढायचं पहाटे चारच्या सुमाराला, आणि पहिली लोकल पकडूनही डोंबिवलीहून त्या वेळेला तिथे पोचता येत नाही. तेव्हा ती मुलगी घरी सांगून आदल्या रात्री मावशीकडेच मुक्कामाला गेली. मावशीच्या खोलीत पाच माणसं, ही सहावी. तीनला गल्ली जागी झाली. नळाला सुरुवातीला नुसती हवा आली, मग तांबूस धार, मग पाणी. वर दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांचे हंडे कोण चढवणार यावर नेहमीची बोलाचाली झाली, आणि मुलीने फोन मावशीच्या दहावीतल्या मुलाकडे देऊन दोन हंडे उचलले. व्हिडिओ त्यानेच काढला आहे, जरा हललेला. त्यात ती पायऱ्या चढताना पाठमोरी दिसते, दोन्ही हात अडकलेले, आणि मागून एक बाई सांगतेय, “सावकाश, तिसरी पायरी फुटलेली आहे.”